सल्लागारांचं पुस्तक हातात आलं की आधी सल्ल्याची किंमत शोधा

भोसरीत सुटे भाग बनवणारं युनिट चालवणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. मुलगा एमबीए करून धंद्यात आला आणि मोठमोठ्या सल्लागार संस्थांमधल्या लोकांनी लिहिलेली रणनीतीवरची पुस्तकं वडिलांना वाचायला देऊ लागला. ती वाचण्यात वेळ घालवावा का, आणि त्यातलं कामाचं कोणतं हे ओळखावं कसं, असं त्यांना विचारायचं आहे.

वेळ जरूर घालवा. मी स्वतः याच व्यवसायात मुरलेला माणूस आहे. उद्योजकांसमोर बसून सल्ला देणं हेच माझं काम, त्यामुळे ही पुस्तकं कशी घडतात ते मी जवळून पाहिलं आहे. पुस्तक पारखताना मी एकच गोष्ट बघतो: जो सल्ला दिला आहे त्याची किंमत पुस्तकात सांगितली आहे का? या वाटेने गेलं तर काय सोडावं लागेल, फटका कुणाला बसेल, कोणत्या परिस्थितीत हा सल्ला अंगाशी येईल, हे लेखकाने लिहिलं आहे का? लिहिलं असेल तर पुस्तक जुनं असो, रटाळ असो, घ्या. नसेल तर त्याच्या लाखो प्रती खपल्या असल्या तरी तुमच्या युनिटमध्ये त्याचा उपयोग नाही.

किंमत सांगायचं का टाळलं जातं, हे समजायचं तर सल्लागार पुस्तक का लिहितो ते बघावं लागेल. रॉयल्टी हा त्याच्या हिशेबातला लहान भाग असतो. पुस्तक आलं की कंपन्यांचे फोन येतात, भाषणांची आमंत्रणं येतात, संस्थेची फी वाढते. अमेरिकेत हे कुठपर्यंत गेलं त्याचं एक उदाहरण नोंदलेलं आहे. १९९५ मध्ये ‘द डिसिप्लिन ऑफ मार्केट लीडर्स’ हे पुस्तक आलं. लेखक सीएससी इंडेक्स या सल्लागार संस्थेशी जोडलेले होते. ते न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत चढावं म्हणून हजारो प्रती ठिकठिकाणच्या दुकानांतून घाऊक विकत घेतल्या गेल्या, असं बिझनेस वीक साप्ताहिकाने त्याच वर्षी छापलं. आजही त्या यादीत घाऊक खरेदी झालेल्या पुस्तकापुढे एक छोटी खूण असते. म्हणून खपाचा आकडा हा गुणवत्तेचा पुरावा मानू नका.

हेतू विक्रीचा आहे म्हणून मजकूर खोटा, असंही मात्र समजू नका. एकाच धंद्यातल्या चार-पाच कंपन्या आतून पाहायची संधी सल्लागाराइतकी कुणालाच मिळत नाही. प्राध्यापकाला नाही, पत्रकाराला नाही, त्या कंपनीच्या मालकाला तर नाहीच. अडचण दुसरीकडे आहे. गोपनीयतेच्या करारामुळे या अनुभवाचा सगळ्यात मोलाचा भाग छापता येत नाही. अर्ध्यावर बंद पडलेला प्रकल्प, मालकाने धुडकावलेला आणि नंतर बरोबर ठरलेला सल्ला, किंवा मानलेला आणि नंतर चुकलेला सल्ला, यातलं काही नावानिशी छापायला ग्राहक कंपनी परवानगी देत नाही. परवानगी मिळते ती यशाच्या कहाण्यांना. म्हणजे लेखक पूर्ण प्रामाणिक असला तरी पुस्तकात एकाच बाजूचा अनुभव गोळा होतो.

ग्राहकच जेव्हा पुस्तकातला आदर्श बनतो तेव्हा हा दोष फार महागात पडतो. १९९७ मध्ये मॅकिन्झी या सल्लागार संस्थेने गुणवान माणसांसाठी कंपन्यांमध्ये चाललेल्या चढाओढीचा अभ्यास केला आणि २००१ मध्ये त्याचं पुस्तक निघालं, ‘द वॉर फॉर टॅलेंट’. त्यात वाखाणलेल्या कंपन्यांत एन्रॉन ही अमेरिकेतली ऊर्जा कंपनी होती. एन्रॉन मॅकिन्झीची ग्राहक होती आणि तिचे प्रमुख जेफ्री स्किलिंग हे मॅकिन्झीचेच माजी भागीदार. २ डिसेंबर २००१ ला एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे तर त्याच वर्षी उन्हाळ्यात एन्रॉनचाच गुहागरचा दाभोळ वीजप्रकल्प बंद पडला होता. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाला ती वीज परवडत नव्हती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला त्या कंपनीबद्दल जे दिसत होतं ते पुस्तकात नव्हतं. म्हणून पुस्तकात एखाद्या कंपनीचं कौतुक आलं की ती लेखकाची किंवा त्याच्या संस्थेची ग्राहक होती का, हे आधी शोधा. बऱ्याचदा ते ऋणनिर्देशातच सापडतं.

आता यशस्वी कंपन्यांच्या याद्या. १९८२ साली टॉम पीटर्स आणि रॉबर्ट वॉटरमन यांनी मॅकिन्झीतल्या कामातून ‘इन सर्च ऑफ एक्सलन्स’ लिहिलं. त्यात ४३ उत्कृष्ट कंपन्या होत्या. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९८४ मध्ये, बिझनेस वीकने दाखवून दिलं की त्यातल्या सुमारे एक तृतीयांश कंपन्या अडचणीत आल्या आहेत. २००१ साली जिम कॉलिन्स यांचं ‘गुड टू ग्रेट’ आलं. त्यांनी १,४३५ कंपन्या चाळून ११ निवडल्या. त्यातली गृहकर्जाच्या धंद्यातली फॅनी मे सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने ताब्यात घेतली आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू विकणाऱ्या सर्किट सिटीने त्याच वर्षी नोव्हेंबरात दिवाळखोरी जाहीर केली.

एवढं ऐकून बरेच जण ही पुस्तकं मोडीत काढतात. मला ते पटत नाही. कंपनी दहा वर्षांनी बुडाली म्हणून आधी तिने जे केलं ते चूकच होतं, असं होत नाही. शिखरावरची कंपनी कधी ना कधी खाली येतेच. बाजार बदलतो, माणसं बदलतात. दोष यापेक्षा खोल आहे आणि तो माहिती गोळा करण्याच्या पद्धतीत आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये दाखवलं होतं की लष्करी अधिकारी एखाद्या सैनिकाला एका बाबतीत चांगला मानतात तेव्हा बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व अशा सगळ्याच बाबतींत त्याला चांगले गुण देऊन टाकतात. व्यवस्थापनाचे प्राध्यापक फिल रोझेनझ्वाइग यांनी २००७ मध्ये हेच या पुस्तकांना लावून दाखवलं. नफ्यात असलेल्या कंपनीतल्या माणसांना विचारा, ती म्हणतील आमचा मालक धाडसी आहे, आमच्यात शिस्त आहे, ग्राहक आमच्यासाठी देव. तीच कंपनी तोट्यात गेल्यावर तोच मालक हट्टी ठरतो आणि तीच शिस्त जाच ठरते. यशाची खूण यशाचं कारण म्हणून छापली जाते. एमआयडीसीत कुठल्याही शेडमध्ये चांगल्या आणि वाईट वर्षात जाऊन ऐका, हेच कानावर येईल.

अशा पुस्तकातलं वाक्य पारखायला मी ते उलटं करून बघतो. ‘ग्राहकाच्या जवळ राहा’ हे उलटं केलं तर ‘ग्राहकापासून लांब राहा’ होतं, आणि असं कुणी शहाणा माणूस करणार नाही. म्हणजे मूळ वाक्यात निवडच नव्हती, आणि निवड नाही तिथे किंमतही नाही. ‘एकाच वाहन कंपनीला माल द्या आणि तिच्या गेटशेजारी शेड टाका’ हे उलटं करून बघा. ‘पाच कंपन्यांना माल द्या, कुणाच्याही गेटशेजारी जाऊ नका’ हाही जगण्यासारखा मार्ग आहे. दोन्ही बाजू शक्य आहेत, दोन्हींना किंमत आहे, म्हणून तिथे रणनीतीचा प्रश्न आहे. पुस्तकातलं एक प्रकरण घ्या, त्यातले पाच-सहा मुख्य सल्ले असे उलटे करून बघा. बरीच पुस्तकं इथेच गळतात.

होंडाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. या सगळ्या विषयात तिच्याइतकं शिकवणारं दुसरं प्रकरण मला माहीत नाही. अमेरिकेत आयात होणाऱ्या मोटरसायकलींत ब्रिटिश कंपन्यांचा वाटा १९५९ मध्ये ४९ टक्के होता. १९७३ पर्यंत तो ९ टक्क्यांवर घसरला. ब्रिटिश सरकारने बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार संस्थेला याचा अभ्यास करण्याचं काम दिलं आणि १९७५ मध्ये अहवाल आला. त्याचं उत्तर थोडक्यात असं: होंडाने जपानमध्ये लहान गाड्यांचं प्रचंड उत्पादन उभं केलं, उत्पादन वाढत गेलं तसा दर गाडीमागचा खर्च उतरत गेला, आणि त्या बळावर अमेरिकेत स्वस्त लहान गाड्यांनी शिरकाव करून कंपनी पुढे मोठ्या गाड्यांकडे सरकली. ही मांडणी बिझनेस स्कूलांत वर्षानुवर्षं शिकवली गेली.

१९८२ मध्ये व्यवस्थापनाचे अभ्यासक रिचर्ड पास्काल टोकियोला गेले आणि ज्यांनी प्रत्यक्ष अमेरिकेत धंदा सुरू केला त्या होंडाच्या अधिकाऱ्यांना भेटले. त्यांचा लेख १९८४ मध्ये आला. अधिकाऱ्यांनी सांगितलेली हकीकत वेगळीच होती. जपानच्या अर्थमंत्रालयाने अडीच लाख डॉलर गुंतवायला परवानगी दिली, त्यात रोख फक्त १,१०,००० डॉलर. १९५९ मध्ये लॉस एंजेलिसला पोहोचलेल्या त्या थोड्या माणसांनी एक स्वस्त घर भाड्याने घेतलं, काही जण जमिनीवर झोपायचे. विकायच्या होत्या त्या २५० आणि ३०५ सीसीच्या मोठ्या गाड्या. अमेरिकन माणूस लांबवर आणि वेगाने गाडी पळवतो. त्या गाड्यांतून तेल गळायला लागलं, क्लच जायला लागले. १९५८ मध्ये जपानात आलेली ५० सीसीची सुपरकब त्यांच्याकडे होती, पण ती पुढे करायची त्यांची इच्छा नव्हती; एवढ्याशा गाडीने मोठ्या गाड्यांच्या बाजारात आपली प्रतिमा बिघडेल अशी भीती होती. ती गाडी ते स्वतःच्या कामासाठी शहरात फिरवत. लोकांना ती दिसली, सीअर्स या मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदी अधिकाऱ्याचा फोन आला. मोठ्या गाड्या अडकल्यावर नाइलाजाने त्यांनी लहान गाडी विक्रीला काढली. ती विकायलाही पुढे आली ती मोटरसायकलची नव्हे, खेळाच्या सामानाची दुकानं.

मग अहवाल खोटा होता का? माझ्या मते नाही. जपानमधल्या उत्पादनाचा आकार आणि त्यामुळे मिळालेला स्वस्तपणा खराच होता. तो नसता तर अमेरिकेतली मागणी पुरवणं होंडाला जमलं नसतं. त्या अहवालाचे एक लेखक मायकेल गूल्ड यांनी नंतर उत्तर दिलं की आमचं काम इतिहास लिहिण्याचं नव्हतं, ब्रिटिश उद्योगाने आता काय करावं ते सांगण्याचं होतं. हे उत्तर मला रास्त वाटतं. पण यातून वाचकाने घ्यायचं ते असं की सल्लागाराचं पुस्तक बहुधा कंपनी मजबूत का आहे ते चांगलं सांगतं, आणि ती तिथे पोहोचली कशी ते वाईट सांगतं. दुसऱ्या भागातली धडपड, गळणारं तेल, मोडावा लागलेला बेत हे सगळं मागून लिहिताना पुसलं जातं. तुम्ही मात्र त्या दुसऱ्याच भागात उभे असता. म्हणून एखाद्या कंपनीने सगळं आधीच ठरवलं होतं असं पुस्तक सांगायला लागलं की सावध व्हा, आणि त्या काळातली कंपनीच्या माणसांची मुलाखत किंवा आठवणी कुठे मिळतात का बघा.

आपल्या शेजारचंच एक उदाहरण आहे. राजीव बजाज हे जॅक ट्राउट यांच्या पोझिशनिंगच्या विचाराचा दाखला जाहीरपणे देत आले आहेत. ट्राउट आणि अल रीस हे जाहिरात-विपणनातले सल्लागार. एका नावाने ग्राहकाच्या मनात एकच जागा धरावी, दहा गोष्टी करू नयेत, हा त्यांचा आग्रह. डिसेंबर २००९ मध्ये बजाज ऑटोने स्कूटर बनवणं पूर्ण थांबवून मोटरसायकलवरच लक्ष देण्याचा निर्णय जाहीर केला. चेतकवर मोठ्या झालेल्या पिढीला तो लागला, राहुल बजाज यांनाही वाईट वाटलं आणि त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं. पुढे काय झालं? बजाज दुचाकींच्या निर्यातीत देशात आघाडीवर राहिली आणि जानेवारी २०२१ मध्ये तिचं बाजारमूल्य एक लाख कोटी रुपयांच्या पुढे गेलं. दुसरीकडे, होंडाने २००१ मध्ये आणलेल्या अॅक्टिव्हाने गिअरलेस स्कूटरचा भलामोठा बाजार उभा केला आणि त्यात बजाज नव्हती. ऑक्टोबर २०१९ मध्ये चेतक परत आली ती विजेवर चालणारी.

निर्णय बरोबर की चूक, यावर पुण्यात आजही दोन माणसं दोन मतं देतील, आणि दोघांकडे आकडे असतील. मला यात मोलाचं वाटतं ते हे की सल्ला खराखुरा पाळला गेला तेव्हा त्याची किंमत उघड दिसली: स्कूटरचा पूर्ण बाजार. एकाग्रतेचं महत्त्व सांगणारी पुस्तकं ढिगाने आहेत, पण एकाग्र होताना तुमच्या हातून उद्याचा एखादा मोठा बाजार निसटू शकतो, हे ठसठशीतपणे लिहिणारी फार थोडी.

किंमत लिहिणारे लेखक आहेत, आणि ते याच सल्लागारांत आहेत. मायकेल हॅमर आणि जेम्स चॅम्पी यांचं १९९३ चं ‘रीइंजिनिअरिंग द कॉर्पोरेशन’ घ्या. चॅम्पी त्याच सीएससी इंडेक्सचे प्रमुख. कंपनीतली कामाची साखळी मुळापासून नव्याने बांधा असा त्यांचा सल्ला, आणि पुढे त्याच्या नावाखाली जगभर नोकरकपात झाली. पण असे प्रयत्न करणाऱ्या ५० ते ७० टक्के कंपन्यांना अपेक्षित फळ मिळत नाही, हा अंदाज खुद्द त्या पुस्तकातच दिलेला होता. किती व्यवस्थापकांनी ते वाक्य वाचून मग काम सुरू केलं असेल? १९९६ मध्ये हॅमर यांनी कबूल केलं की आपण इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं आणि माणसांच्या बाजूचा पुरेसा विचार केला नाही. मला त्यांचा आदर वाटतो. ते पुस्तक आज वाचलं तर अधिक उपयोगी आहे, कारण सल्ला आणि त्याचा हिशेब दोन्ही समोर आहेत. म्हणूनच मी ताजं पुस्तक घेण्याच्या विरुद्ध आहे. दहा वर्षं जुनं घ्या. त्यातल्या कंपन्यांचं काय झालं ते तोवर कळलेलं असतं, आणि ते तपासणं अवघड नाही. शेअर बाजारात नोंदलेली भारतीय कंपनी असेल तर बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावर वार्षिक अहवाल फुकट मिळतात. त्यातलं व्यवस्थापनाचं निवेदन सलग पाच वर्षांचं वाचलं तर पुस्तकाच्या एका प्रकरणापेक्षा जास्त हाती लागतं.

तक्ते आणि चौकोनांबद्दल थोडंच सांगतो. बॉस्टन कन्सल्टिंगचा १९७० चा चौकोन सगळ्यांना माहीत असतो. बाजार किती वाढतोय आणि त्यात आपला वाटा किती, यावरून तो प्रत्येक धंद्याला चारपैकी एक नाव देतो: दुभती गाय, तारा, प्रश्नचिन्ह, कुत्रा. साधन वाईट नाही, पण त्यात बाजारातला वाटा मोजायचा असतो, आणि बाजार कोणता धरायचा हे चौकोन सांगत नाही. ब्रॅकेट बनवणारा माणूस बाजार म्हणून सगळे प्रेस पार्ट धरेल, चाकणमधले दुचाकीचे ब्रॅकेट धरेल की एकाच कंपनीचं शेड्यूल धरेल, त्यावर तोच भाग गायही ठरतो आणि कुत्राही. कोणतंही साधन वापरण्यापूर्वी त्यात काय गृहीत धरलं आहे ते कागदावर लिहून काढा.

तुमच्या आकाराच्या धंद्यासाठी कोणती घ्यावीत? व्यवस्थापन सल्लागार राम चरण यांचं २००१ चं ‘व्हॉट द सीईओ वॉन्ट्स यू टू नो’ आधी घ्या. ते उत्तर प्रदेशातल्या हापूडचे, घरचं चपलांचं दुकान, आणि रोकड, नफ्याचं प्रमाण, माल फिरण्याचा वेग यांवर ते ज्या साधेपणाने बोलतात तो दुकानदाराचा साधेपणा आहे. मग रिचर्ड रुमेल्ट यांचं २०११ चं ‘गुड स्ट्रॅटेजी बॅड स्ट्रॅटेजी’. ते प्राध्यापक आणि सल्लागार दोन्ही. त्यांचं म्हणणं असं की आधी नेमकं दुखणं ओळखा, मग धोरण ठरवा, मग त्याला पोषक अशी एकमेकांशी जुळणारी पावलं टाका. वाढीचा आकडा फळ्यावर लिहिला म्हणजे रणनीती झाली असं नाही. पुढच्या वर्षी ३० टक्के वाढ, असं लिहिलेला कागद मला कितीतरी उद्योजकांनी रणनीती म्हणून दाखवला आहे. तुमच्या युनिटमध्ये असा कागद असेल तर मुलाला हे पुस्तक जरूर वाचू द्या. केनिची ओमाए हे मॅकिन्झीच्या टोकियो कचेरीतले. तिसरं पुस्तक त्यांचं; १९७५ चं हे जपानी पुस्तक १९८२ मध्ये ‘द माइंड ऑफ द स्ट्रॅटेजिस्ट’ या नावाने इंग्रजीत आलं. ग्राहक, स्पर्धक आणि आपण, असा त्यांचा त्रिकोण सुट्या भागांच्या धंद्यालाही नीट लागू पडतो, कारण व्हेंडर बहुतेक वेळा फक्त ग्राहकाकडे बघतो आणि शेजारचा व्हेंडर काय करतोय ते रेट कट झाल्यावरच त्याला कळतं.

आणि मुलाशी वाद घालू नका. त्याने आणलेलं एक पुस्तक त्यालाच निवडू द्या आणि त्यातला एकच सल्ला आपल्या युनिटला लावून एका पानावर मांडायला सांगा. कोणता ग्राहक किंवा कोणता भाग सोडायचा, त्याने महिन्याची बिलं किती घटतील, कोणती मशीन रिकामी राहील, कोणत्या कामगारांचं काम जाईल किंवा बदलेल, आणि किती महिन्यांत काय दिसलं नाही तर मागे फिरायचं. पुस्तकात यातलं काही सापडलं नाही तर तसं त्यानेच पानावर लिहावं. त्या बैठकीला तुमच्या सीएंना आणि शॉप फ्लोअर सांभाळणाऱ्या सुपरवायझरला बोलवा. ग्राहक सोडल्यावर वर्किंग कॅपिटलचं काय होईल ते सीए आकड्यात सांगतील, आणि रिकाम्या मशीनवर दुसरा कोणता भाग बसेल ते सुपरवायझर सांगेल.